टक्के

औंधच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी बोर्ड बसतं.
मला आपलं बोर्ड म्हणजे दहावीचंच माहीत.

धनकवडीहून साडेसहाला निघालो.
रिक्षावाल्यानं चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं, मग मीटरकडे,
मग म्हणाला, "ताई, दोरी आहे का?"
आहे ना.
माझ्या पर्समध्ये एखादे दिवशी कंगवा नसेल,
दोरी असते.

टोकन चौदा. पंखा एक, तोही डॉक्टरांच्या बाजूचा.
कारकुनानं विचारलं, "नाव?"
आणि तिच्याकडे बघून विचारलं, माझ्याकडे नाही,
म्हणून मी ओठ दाबून गप्प बसले.
तिनं मान मागे टाकली, जीभ जागेवर आणली,
जोडाक्षराच्या घाटात दोनदा घसरली
आणि हाती लागलं तेवढं दिलं :
"मली."
त्यानं लिहिलं, मालती.

मालतीची परत शाल्मली करायला
तीन खेपा, एक प्रतिज्ञापत्र, तीन बिनपगारी रजा.
नावाखालचा आकडा मात्र पहिल्याच फटक्यात बिनचूक :
पंचाहत्तर टक्के. कायमस्वरूपी.

मी सातारा रस्त्यावर पतसंस्थेत आहे.
टक्क्यांवरच पोट माझं.
ठेवीला साडेसात, कर्जाला तेरा, थकलं तर वर दोन.
पण हे पंचाहत्तर कुठल्या खात्याला टाकू, कळेना.
आणि कशातून वजा?
उरलेल्या पंचविसात ती कुकरच्या शिट्ट्या मोजते,
तिसरीला हात वर करते,
अकरा वर्षांत माझी डाळ एकदाच लागली,
ती आजारी होती तेव्हा.
बाबाचा दिवस कसा गेला
ते कुलपातल्या किल्लीच्या आवाजावरून ओळखते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते विचारायला मी परत रांगेत उभी नाही राहिले.

आमच्या इमारतीला खाली दोन पायऱ्या आहेत.
दोनच तर आहेत, असं सगळे म्हणतात.
उतार करून द्या, असा माझा अर्ज
सोसायटीच्या वहीत चार वर्षं आहे,
विषय क्रमांक सात.
सहाव्या विषयानंतर चहा येतो.

मग निकाल लागला.
समोरच्या खांबेटेकाकू पेढे घेऊन दारात,
मागे ईशान, नव्या चपलेत, लाजलेला.
"चौऱ्याण्णव पडले हो!"
मी पेढा घेतला. आणि काय झालं कोण जाणे,
तोंडातून निघून गेलं,
"आमच्या मलीलाही पंचाहत्तर मिळाले."
"अगं, छान की! म्हणजे डिस्टिं..."

पेढा त्यांच्या हातात, शब्द त्यांच्या दातात.
जिन्यात कुणाची तरी मिक्सरची घरघर.
पहिली हसली मली.
तिला विनोद उशिरा पोचतो,
पण पोचला की राहायलाच येतो.

काकू म्हणाल्या, "मला मेलीला..." आणि थांबल्या.
मग कधी नव्हे ते आत आल्या, पलंगावर टेकल्या,
म्हणाल्या, "ही एवढं कशाला हसते गं? म्हणजे...
हिला काय काय आवडतं?"

अकरा वर्षं समोरासमोर दारं आमची.
औषध विचारलं त्यांनी, वैद्य सुचवला, नवस सांगितला,
गेल्या जन्माचाही विषय एकदा निघाला होता.
आवडतं काय, हे आज.
मी सांगायला लागले तर मलाच पुरेना :
भेळेतली कैरी. बसच्या दाराचा फुस्स आवाज.
कुणी शिंकलं की. तळजाईच्या बाजूनं येणारा मोर,
म्हणजे त्याचं ओरडणं, मोर तिनं पाहिलेला नाही.

"मग जाऊ की आत्ता," ईशान म्हणाला,
चौऱ्याण्णव टक्क्यांचा मुलगा,
आणि खुर्ची सरळ पायऱ्यांच्या तोंडाशी नेली.

थांब, थांब. असं नाही.
उलटा वळ. पाठ उताराकडे.
मोठी चाकं आधी. एक पायरी. टेकू दे.
घाई नको, तुझं पोट हँडलला लाव.
आणि आधी तिला सांग, उतरतोय म्हणून.
मला नाही रे,
तिला.